ऑइल बघितलं आहे, हात लावू नये

सोमवारी सकाळी सव्वाआठला भाचीचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोखाली आडवी पडले होते.

"मावशी, गाडी धूर सोडतेय. आणि बाबा मला म्हणतायत, आता तू जायचं नाहीस."

बास. माझं डोकं सटकायला एवढं पुरतं. टेम्पोवाल्याला म्हटलं, "बसा, आलेच," आणि तो काही बोलायच्या आत स्कूटरला किक मारली.

बावीस वर्षं झाली, मी गॅरेज चालवते. भाची माझ्या ताईची एकुलती एक. उंची बेताची, म्हणून सगळे बुटकी म्हणतात. आता ती जनावरांची डॉक्टर झाली तरी बुटकीच. तिला डोंगरातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती, साडेतीनशे किलोमीटर लांब. मंगळवारी सकाळी हजर व्हायचं होतं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की गावोगाव फिरून जनावरं बघायची आहेत, त्यामुळे स्वतःची गाडी पाहिजे आणि ती स्वतः चालवता आली पाहिजे.

गाडी होती. भावोजींनी त्यांची जुनी गाडी तिला दिली होती. म्हणजे तोंडानं दिली होती, मनातून काही सुटली नव्हती. "वाटेत काही झालं तर?" हे एकच वाक्य ते महिनाभर घोकत होते. शेवटी त्यांनी अट घातली. निघताना गाडीनं जराही कुरकुर केली तर बुटकी एकटी जाणार नाही, ते स्वतः तिला सोडून येतील आणि गाडी परत आणतील. गाडी परत आली की नोकरी गेली, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः गाडी फिरवून, ब्रेक तपासून गेले होते ते याचसाठी.

पोचले तर तिघंही फाटकाशी उभी. मागच्या सीटवर बुटकीचं सामान तसंच, औषधांची पेटी, गमबूट, उशी. गाडी परत घरापुढच्या चढावर आणून ठेवलेली. ताईचं घर रस्त्यापासून उंचावर आहे, फाटकापासून दारापर्यंत सिमेंटचा चांगला तिरका चढ. गाडी तिथं कायम नाक वर करून उभी असते आणि मागच्या चाकाला एक दगड.

"कोपऱ्यापर्यंत पण गेली नाही," भावोजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, पण आवाजात कुठंतरी सुटल्यासारखं वाटत होतं, ते काही माझ्यापासून लपलं नाही. "मागं हा एवढा धूर! वर ऑइलचा लाल दिवापण लुकलुकला. वाटेत झालं असतं म्हणजे?"

"इंजिन लगेच बंद केलं मी," बुटकी म्हणाली. "आणि ढकलून वर आणली."

"शाबास. आता परत ढकला. खाली रस्त्यावर, बेकरीसमोर सपाट जागा आहे तिथं."

भावोजी कुरकुरले, पण ढकलली. मग मी सगळ्यांना दहा मिनिटं गप्प उभं केलं. बुटकी घड्याळ बघत होती. तिला माहीत होतं कशासाठी ते, लहानपणी सुट्टीत माझ्याच गॅरेजात शिकली होती. इंजिन बंद केल्या केल्या अर्धं ऑइल वरच अडकलेलं असतं. ते निथळून खाली चेंबरमध्ये उतरेपर्यंत थांबायचं असतं, आणि गाडी सपाट उभी पाहिजे. एवढं साधं आहे.

बॉनेट उचललं. आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली, बुटकीचं अक्षर: "शनिवार सकाळ. ऑइल बघितलं आहे. बरोबर आहे. हात लावू नये."

मी ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मधे पाहिजे. इथं ते वरच्या खुणेच्या वर दोन बोटं चढलेलं आणि वर फेस.

"कोणी घातलं?" मी ओरडले. बेकरीतली बाई बाहेर येऊन बघायला लागली. "खरं सांगा, कोणी घातलं? एवढी ठळक चिठ्ठी, वाचता येत नाही का?"

भावोजींनी घसा साफ केला. "रविवारी सकाळी मी बघितलं. खालच्या खुणेला टेकलेलं होतं हो! लेक एवढ्या लांब निघालेली. घातलं अर्धा लिटर."

"कुठं उभी होती गाडी?"

"कुठं म्हणजे? घरी. चढावर."

"नाक वर असलं की ऑइल मागं जातं, भावोजी! पट्टीला लागणार काय, कपाळ?"

ताई पदराशी चाळा करत होती. माझी ताई म्हणजे चहाचा कप बशीत सांडेपर्यंत भरणारी.

"ताई?"

"अगं, दुपारी मीपण बघितलं. हे कसं बघतात ते मला माहीत आहे. मधोमध होतं, अर्धंच. पोरीला अर्ध्यावर कशी पाठवू? म्हणून पूर्ण केलं." तिचे डोळे भरले. "जास्त झालं तर काय होतं गं? जास्तच आहे ना, कमी तर नाही?"

आता हिला काय बोलणार! शांतपणे सांगितलं. "साबणाच्या पाण्यात हात ढवळलास की फेस होतो ना, तसं. आतला दांडा गरगर फिरतो, तो ऑइलात बुडाला की फेस करतो. फेसानं इंजिनाला वंगण मिळत नाही. वरचं ऑइल जळतं, त्याचा धूर. तशीच शंभर किलोमीटर गेली असती तर इंजिन कायमचं बसलं असतं."

स्कूटरच्या डिकीतून आणलेल्या छोट्या हातपंपाची बारीक नळी पट्टीच्या भोकातून आत सोडली आणि मापाच्या मगात ऑइल ओढायला लागले. जरा ओढायचं, थांबायचं, पट्टी बघायची. वरच्या खुणेच्या किंचित खाली आलं तेव्हा थांबले. मगात दीड लिटर.

"अर्धा मी, अर्धा हिनं," भावोजी म्हणाले. "एक झाला. उरलेला अर्धा?" आणि ते बुटकीकडे वळले. "तूच घातलंस. घातलंस आणि विसरलीस. बघितलंत? हिला ऑइल घातलेलं आठवत नाही, आणि ही निघाली एकटी डोंगरात! नाही, आता विषय संपला. किल्ली आण इकडं."

"मी नाही घातलं, बाबा," बुटकी म्हणाली. एकदाच. तिनं भांडण केलं नाही, रडलीही नाही. खिशातून किल्ली काढून हातात धरून उभी राहिली. ते मला बघवेना, म्हणून मी बॉनेटकडे तोंड फिरवलं.

समोर ती चिठ्ठी. आणि तिच्या कोपऱ्यावर काळा अंगठा. भावोजी गाडीला हात लावायच्या आधी आणि नंतर साबणानं हात धुतात. ताईनं फडकं धरूनच पट्टी काढली असणार. एवढा काळा, नखापर्यंत ग्रीस मुरलेला अंगठा या घराण्यात एकाच बाईचा आहे.

शनिवार संध्याकाळ. ब्रेक बघितले, गाडी परत आणून चढावर लावली, गॅरेजात गिऱ्हाईक ताटकळलेलं. घाईत बॉनेट उघडलं, तापल्या इंजिनाची पट्टी काढली, टोकसुद्धा ओलं नव्हतं. चिठ्ठी वाचली होती मी. वाचून हसलेसुद्धा होते, की आली मोठी शहाणी! आणि डिकीतल्या डब्यातलं अर्धा लिटर ऑइल ओतून मोकळी झाले, गिऱ्हाइकाच्या नादात विसरूनही गेले.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, मूग गिळून गप्प बसावं. बावीस वर्षांचं नाव, वर आत्ताच भररस्त्यात केलेला तमाशा. भावोजींनी किल्लीसाठी हात पुढं केला होता.

"तो अर्धा माझा," मी म्हटलं.

कोणाला कळेचना.

"शनिवारी मी घातलं. चढावर, गरम इंजिनात, चिठ्ठी वाचून. ज्या चुकीसाठी तुम्हाला आत्ता एवढं झापलं, तीच चूक, आणि तुमच्याही आधी. तुम्हाला येत नव्हतं, भावोजी. मला येत होतं. लाज वाटते मला." माझा आवाज फाटला, फाटू दे. "आपल्या तिघांत मिळून एकाचीही अक्कल चालली नाही. गाडी सपाट जागेवर लावून, थंड इंजिनाचं ऑइल बघितलं ते फक्त हिनं. आणि लिहूनही ठेवलं."

भावोजी बॉनेटपाशी आले. चष्मा वर करून त्यांनी चिठ्ठी वाचली, बहुतेक पहिल्यांदाच नीट. "हात लावू नये," ते पुटपुटले. मग पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हणाले, "चालू करून बघ."

बुटकीनं चालू केली. थोडा धूर आला, मग विरला. दिवा विझला. मी खाली वाकून गळती बघितली, नव्हती. पाच मिनिटांनी ती काच खाली करून "येते" म्हणाली आणि गेली. ताई वळणापर्यंत हात हलवत राहिली.

भावोजींना घरी बसवेना. माझ्या पाठोपाठ गॅरेजात आले आणि जुन्या टायरवर बसून राहिले. टेम्पोवाल्याला त्यांनी सगळी कहाणी ऐकवली, माझ्या अर्ध्या लिटरसकट. ऐकू दे म्हटलं.

साडेबाराला फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"मावशी, अर्ध्या वाटेवर आहे. सपाट जागा बघून थांबले. दहा मिनिटं गेली, ऑइल बघितलं."

भावोजी टायरवरून उठले. "किती आहे?"

"नाही सांगणार, बाबा. बरोबर आहे."

भावोजींनी तोंड उघडलं. मी पान्हा हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तोंड मिटलं, परत टायरवर बसले आणि म्हणाले, "बरं. नीट जा."