मूठभर कूट

आल्या आल्या दयानंदनं मायला एकच गोष्ट बजावली होती. "माय, हितं दाण्याचा कूट चालत न्हाई. डबा तुझ्या पिशवीतच राहू दे."

त्यानं कारण सांगितलं नाही, आणि तिथंच चुकला. कारण मिळालं नाही की धोंडाबाई स्वतःचं कारण शोधून काढायची. तिच्या मते पोरगा पाच वर्षं पुण्याच्या मोठ्या हॉटेलात इटालियन रांधून आला आणि आता त्याला घरच्या दाण्यांची लाज वाटायला लागली. दुसरं काय असणार?

नांदेडात, भाग्यनगरच्या मागच्या गल्लीत त्याचं सहा टेबलांचं हॉटेल होतं. सव्वाशे रुपयांत सूप, लसूण लावलेला पाव आणि बशीभर पास्ता. रविवारी दुपारी मास्तर, कारकून, क्लासची पोरं तिथं रांग लावायची. आचारी अचानक गावाला गेला म्हणून धोंडाबाई लोह्याहून मदतीला आली होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर सौदामिनीबाई आणि त्यांची नऊ वर्षांची उर्वी येऊन बसल्या. बाई शाळेत शिक्षिका. उर्वी अंगानं बारीक, मनगटं नुसती काडीसारखी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला बघून धोंडाबाईचा जीव कळवळला. "टमाट्याच्या पाण्यानं का अंग धरतंय लेकरू?" असं पुटपुटत तिनं पिशवीतला डबा काढला आणि दयानंदची पाठ फिरताच उर्वीच्या बशीतल्या लाल रश्शात मूठभर कूट ढवळून टाकला. बारीक कुटलेला, स्वतःच्या शेतातल्या दाण्यांचा. लसणाच्या वासात तो कुणाला कळणार नव्हता.

आता मराठवाड्यात दाण्यापासून पळायचं म्हटलं तर माणसानं जावं कुठं? वांग्यात कूट, खिचडीत कूट, चटणी तर दाण्याचीच. आणि उर्वीला दाणा म्हणजे विष होतं. दोन वर्षांची असताना तिनं चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला आणि पोर जाता जाता राहिली. बाहेर जेवायला तिला अख्ख्या नांदेडात ही एवढी एकच जागा होती. गल्लीतल्या चहावाल्यालाही हे ठाऊक होतं. फक्त धोंडाबाईला नव्हतं.

उर्वीनं कधी नव्हे ती अर्धी बशी भराभर संपवली. धोंडाबाई पदर तोंडाला लावून खुशीत हसत होती. मग उर्वीनं मान खाजवली. खोकली. परत खोकली. बाईंनी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी पुढं केलं, पण पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं. बघता बघता पोरीचे ओठ सुजले आणि श्वासाची शिट्टी वाजायला लागली.

बाईंनी पर्समधून एक डबी काढली. त्यात दाणा पोटात गेला तर टोचायची सुई आणि औषधाची छोटी बाटली होती. "दयानंद, दाणे होते का यात? खरं सांगा!"

"आईशप्पथ, मॅडम! एक दाणा न्हाई माझ्या हाटेलात. तुम्हाला ठाव हाय ना!"

बाईंचा हात थांबला. "मग घास अडकलाय," त्या म्हणाल्या आणि डबी टेबलावर ठेवून पुन्हा पोरीची पाठ थोपटायला लागल्या.

खिडकीमागं धोंडाबाईनं हे ऐकलं. तिला सगळं कळलं. ज्या आईची शप्पथ पोरानं घेतली होती, ती आई हातातला डबा पदराखाली लपवून उभी होती. बोललं तर पोराचं हॉटेल आजच बुडालं, लोक त्याला फाडून खातील, पोलीस नेतील. खोटं कशाला सांगायचं, एक क्षण तिच्या मनात आलं की गप्प बसावं, कदाचित घासच अडकला असेल. तेवढ्यात उर्वीचे डोळे वर गेले.

"म्या घातला!" धोंडाबाई किंचाळली. "बाई, म्या घातला कूट! मूठभर घातला!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. बाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. औषध सुईत ओढलं आणि फ्रॉकवरूनच मांडीत टोचलं. दयानंदनं पोरीला उचललं आणि तिघांना घेऊन रिक्षा दवाखान्याकडं निघून गेली.

धोंडाबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसली. गिऱ्हाइकं एकेक करून उठून गेली. जाताना कुणी तिच्याकडं बघत होतं, कुणी बघत नव्हतं. आजवर चार पोरं वाढवली, नातवंडांना भरवलं, आणि परक्याचं लेकरू आपल्या हातानं मारलं, हे डोक्यात घुमत होतं. दोन तासांनी दयानंदचा फोन आला. "माय, हाय ती. बोलायलीय."

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. दारातच तिनं खाली बसून बाईंचे पाय धरायला हात पुढं केले. "मारा मला बाई, पर पोराला काय करू नका."

"उठा आजी," सौदामिनीबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "राग आहेच माझा, खूप आहे. पण तुम्ही बोलला नसतात तर ती डबी टेबलावरच राहिली असती."

खाटेवर उर्वी जागी होती. ओठ अजून जाडसर, आवाज घोगरा. "आजी, दाणे तूच घातलेस ना?"

धोंडाबाईनं मान हलवली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"आई म्हणायची, दाणे कडू असतात. कारल्याहून कडू. म्हणून कुणी दिले तरी मी तोंडात घालत नव्हते." उर्वीनं आईकडं पाहिलं. "कडू नसतातच ते. इतकं छान मी कधीच खाल्लं नव्हतं."

सौदामिनीबाईंचा चेहरा दुपारी झाला नव्हता इतका पांढरा पडला. दाण्यांपासून पोरीला लांब ठेवणारं ते खोटं आता संपलं होतं. त्यांनी लेकीला जवळ ओढलं. धोंडाबाई भिंतीला टेकून उभी राहिली, आणि दुपारपासून पहिल्यांदाच तिला पोराच्या हॉटेलाची आठवणसुद्धा राहिली नाही.