घरामागचा ओक आणि माझे एक छिद्र

मित्रांनो, माझे अंग चेरीच्या लाकडाचे आहे, कोपऱ्यांना पितळ आहे आणि पुढच्या भिंगापासून मागच्या काचेपर्यंत कातड्याचा काळा भाता आहे. आज माझ्यासारखे कॅमेरे फारसे कुणी वापरत नाही. मला घडवणाऱ्या सुताराचा चेहरा मला आठवत नाही. माझ्या मालकिणीचा, ओझेलाचा, मात्र आठवतो, कारण माझ्या काचेवर डोळा लावून तिने अर्धे आयुष्य काढले.

आम्ही जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर राहतो. खाडीकाठच्या जंगलात जुने सदाहरित ओक आहेत. त्यांच्या फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर उठतात आणि त्यांवरून राखाडी शेवाळाच्या जटा लोंबतात. सुट्टीची घरे बांधण्यासाठी ते ओक एकेक करून तुटू लागले, तेव्हा ओझेला त्यांचे फोटो टिपायला मला खांद्यावर घेऊन निघाली. चिखल, डास, साप, कशालाच ती बधली नाही. आमच्या तसबिरी शहरांत लागल्या, लोकांनी कौतुक केले. माझ्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. भात्याच्या घडीत एक बारीक छिद्र पडले, त्यातून उजेड शिरून फिल्म नासू नये म्हणून तिने काळी पट्टी चिकटवली आणि दुरुस्ती पुढे ढकलली.

एक झाड तेवढे टिपायचे राहिले होते. तिच्या आईच्या, एव्हलीनाबाईंच्या, घरामागचे. त्याच्या बुंध्याशी ओझेलाच्या वडिलांची कबर होती. तिच्यावर बेटाच्या रीतीप्रमाणे शंख मांडलेले होते आणि त्यांचा चहाचा कपही ठेवलेला होता.

त्या सप्टेंबरात वादळ निघाल्याची बातमी आली. सगळे बेट रिकामे होऊ लागले. ओझेलाचा भाऊ थॅडियस बोट घेऊन आला, पण म्हातारी ओसरीवरून हलेना.

"आई, पाणी धक्क्याच्या फळ्यांना लागलंय. चल आता."

"मी कुठे तुझी बोट धरून ठेवलीय? जा की. तुझे बाबा इथे आहेत. त्यांना उठवून बोटीत बसव, मग मी येते."

थॅडियस कपाळाला हात लावून पायरीवर बसला. तेव्हा ओझेला हळूच म्हणाली, "आई, झाडाचा फोटो काढते. कबरीसकट. तो बरोबर नेऊ."

"जगाची झाडं काढून झाली, आता दारातलं आठवलं होय?"

"घरचं झाड, कुठे पळून जाणार, असं वाटायचं."

"तेच आज कळेल." म्हातारी काठी टेकत उठली. "काढ. पण मी त्याच्याजवळ बसणार."

तिला खुर्चीवर बसवले. आभाळ इतके काळवंडले होते की भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागणार होते.

"आई, हलू नकोस."

"मी नाही हलत. त्याला सांग."

माझा जीव टांगणीला लागला. वाऱ्याने पट्टीची कड उचलली गेली होती आणि ते ओझेलाला दिसले नव्हते. मला ओरडता येत नव्हते. फिल्म एकच उरली होती.

मग थॅडियसने आईला पाठीवर घेतले. ओझेलाच्या हातांत औषधे आणि ती फिल्म होती. मला न्यायला हात उरला नाही. तिने मला मेणकापडात गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर ठेवले आणि ती धावत गेली.

मित्रांनो, तो अंधार मी विसरलेलो नाही. पाणी घरात शिरले, खुर्च्या भिंतींवर आपटू लागल्या. मागून प्रचंड कडकडाट ऐकू आला. झाड गेले का? बोट पोहोचली का? माझ्या छिद्राने फिल्म नासली का? मला एकाही प्रश्नाचे उत्तर मिळेना. पाणी ओसरले, कातड्याला बुरशीचा वास येऊ लागला, तरी कुणी आले नाही.

शेवटी दार ढकलले गेले. थॅडियस एकटाच होता. त्याने मला खाली उतरवले. त्याच्या मागे कुणी दिसेना, आणि माझ्या मनात नको ते आले. तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "मेलं का रे ते खोकं?"

"आहे, आई. भिजलंय थोडं."

ओकाची सर्वांत मोठी फांदी तुटून आडवी पडली होती. झाड उभे होते.

ओझेलाने फोटो आईच्या हाती दिला. त्यात शेवाळ धुरासारखे पसरले होते, फांद्या पुसट झाल्या होत्या आणि कबरीवर पांढरा पट्टा उमटला होता. तो पट्टा माझा होता. शरमेने माझे लाकूड आकसले.

"यात झाड कुठंय?" म्हातारीने विचारले.

"वाऱ्यात हललं, आई."

"आणि मी?"

"तू नाही हललीस."

खरेच, त्या धुरात तिच्या चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट होती.

ओझेलाने मला नवा भाता बसवला. मग एका शांत सकाळी आम्ही पुन्हा त्या झाडासमोर उभे राहिलो. ओझेलाने खुर्ची मांडली, पण आई बसली नाही.

"आता त्या दोघांचाच काढ, झाडाचा न् बाबांचा," ती म्हणाली. "माझा झालाय."

आणि मुलीचा हात धरून ती माझ्या मागे, काचेपाशी, येऊन उभी राहिली.

मित्रांनो, दूरची झाडे जरूर पाहा, जरूर वाचवा. पण आपल्या अंगणातल्या झाडाला आणि आपल्या माणसाला शेवटी ठेवू नका. त्यांच्यासमोर आजच उभे राहा, वारा नसताना.