हिरव्या बाटलीतला चहा

हिरालालनं चहा सोडला ही बातमी सेलूत पसरली, तेव्हा लोकांना आधी वाटलं की बाई गेली. त्याखेरीज हा माणूस चहा सोडेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. पण बाई, म्हणजे त्याची बायको सुमित्राबाई, गेलेली नव्हती. ती वर्ध्याच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. हृदय कमजोर झालं होतं, छातीत पाणी साचत होतं. डॉक्टरांनी तिला मीठ, जिने आणि काळजी या गोष्टी बंद करायला सांगितल्या होत्या. मीठ आणि जिने तिनं लगेच बंद केले.

हिरालालचं बाजारओळीत किराण्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाबरोबर, गिऱ्हाइकाशिवाय, उन्हात आणि पावसात तो चहा प्यायचा. पण त्याचा खरा चहा म्हणजे सकाळचा, मागच्या ओट्यावरचा. सुमित्राबाई एकच कप करायची, काठोकाठ. हिरालाल त्यातला अर्धा बशीत ओतून तिच्यापुढे सरकवायचा. कप त्याचा, बशी तिची. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू होती, आणि सुनेसाठी वेगळा कप भरायची त्या घरात चाल नव्हती. तेव्हापासून हे सुरू झालं. पुढे सासू गेली, कपाटात फुलांचा कपसेट आला, पाहुण्यांसाठी तो धुतलाही जायचा, पण ओट्यावर बशीच चालू राहिली. मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघांत तूरडाळ आणि सिलिंडर एवढेच विषय निघायचे. बाकी जे काही बोलायचं असेल ते ती बशी रिकामी होईपर्यंत बोलून व्हायचं. त्यामुळे सुमित्राबाई फार सावकाश प्यायची.

तिचं दुखणं निघालं तसा हिरालाल केळझरला गेला, टेकडीवरच्या गणपतीला. डोमाजीनं आपल्या गाडीवर नेलं. डोमाजी भाजीपाला पिकवायचा आणि बाजाराच्या दिवशी हिरालालच्या दुकानापुढे वांगी मांडून बसायचा. दोघांची मैत्री जुनी. म्हणजे एकमेकांचं ऐकायचं नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं.

हिरालालनं हात जोडले आणि मोठ्यानं कबूल केलं, "जवरक माही सुमित्रा आपल्या पायानं ह्या पायऱ्या चढून तुह्या दर्शनाले येत नाई, तवरक चायले शिवणार नाई."

पायऱ्या उतरताना डोमाजी म्हणाला, "का गा, असा नवस कोणी बोलते का? पेढे म्हणायचे अन मोकळं व्हायचं."

"पेढे कोणीबी वाटते. जे सुटत नाई तेच सोडा लागते, तवा देव आयकते."

"अन मुदत? मुदत काऊन नाई टाकली?"

"देवाले मुदत टाकते का बे? तो का सोसायटीचा सचिव हाये?"

कर्जाच्या मुदतीवरून सोसायटीच्या सचिवाचा अनुभव दोघांनाही होता.

दुसऱ्या दिवसापासून डोकं धरलं. कपाळाच्या मागे कुणीतरी खलबत्ता घेऊन बसल्यासारखं. हिरालालनं बाम चोळला, रुमाल आवळला. सुमित्राबाईनं सवयीनं ओट्यावर कप आणला, तर वासासरशी त्याचा हात आपसूक कपाकडे गेला. म्हणून तो उजाडता उजाडता दुकान उघडायला लागला. त्या वेळी बाजारओळीत कुत्र्यांखेरीज गिऱ्हाईक नसायचं, आणि कुत्र्यांना किराणा लागत नाही. इकडे सुमित्राबाई ओट्यावर भरलेला कप घेऊन बसायची. कपानं प्यायची तिला सवय नव्हती, ओठ भाजायचे.

डोक्यावर उपाय म्हणून हिरालालनं गोटी सोडा पिऊन पाहिला. ढेकर आली. लिंबाच्या वासाचं पांढरं कोल्ड्रिंक प्यायलं. आणखी मोठी ढेकर आली, डोकं तसंच. काळ्या कोल्ड्रिंकला मात्र त्यानं हात लावला नाही.

"त्याचा रंग पाय," तो डोमाजीला म्हणाला. "चायची मावसबहीण हाये ते. देवाले फसवाचं नाई आपल्याले."

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार सातच्या, दुकानात कोल्ड्रिंकवाल्यांचा फ्रिज आला. त्यात एका नव्या चालीच्या बाटल्या होत्या, हिरव्यागार. आत लिंबाच्या सालीसारखं पिवळट हिरवं पाणी. जाहिरातीत पोरं डोंगराच्या कड्यावरून उड्या टाकायची आणि का कुणास ठाऊक, वाचायची. नावातही डोंगर होता आणि डोंगरावरचं दव होतं. नाव मी सांगत नाही, त्यांच्या जाहिरातीत आधीच पुष्कळ माणसं उड्या टाकतात. सेलूत तिला सगळे 'हिरवी' म्हणत.

लोडशेडिंगमुळे फ्रिज बंद असलेल्या एका दुपारी हिरालालनं कोमट हिरवी प्यायली. अर्ध्या तासात खलबत्ता थांबला. त्यानं डोकं इकडून तिकडे हलवून पाहिलं. मग केळझरच्या दिशेला हात जोडले. सोडलेल्या गोष्टीचा त्रास होऊ नये म्हणून देवानंच रस्ता काढला होता, आणि तोही लिंबाचा. त्यानंतर सकाळी एक आणि दुपारी एक अशी हिरवी सुरू झाली.

आणि सुमित्राबाई सुधारली. पायाची सूज उतरली. ती अंगणात फिरायला लागली, एक दिवस भिंतीला धरत धरत दुकानापर्यंत आली आणि तुरीच्या पोत्यावर बसून म्हणाली, "उंदरं झाले तुमच्या दुकानात." हिरालालला इतका आनंद झाला की त्यानं उंदरांना त्या आठवड्यात काही केलं नाही. पोळा झाला की केळझरला जायचं ठरलं. पायऱ्या चढताना दर वळणावर बसवायला डोमाजी प्लास्टिकची खुर्ची बरोबर घेणार होता.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मयुरी आली. ही हिरालालच्या धाकट्या भावाची मुलगी, वर्ध्याला औषधनिर्माणाचं शिकत होती. नवीन शिकलेल्या माणसाप्रमाणे दिसेल त्या वेष्टनावरचं बारीक वाचायची.

"मोठे बाबा, हे रोज पेता तुमी?"

"निंबाचं पाणी हाये व ते."

"निंबाचा नुसता वास हाये. याच्यात कॅफिन हाये. हे पाहा, लिवलं हाये."

"ते काय असते?"

"चायमधलं. चाय पेल्यावर तरतरी येते ना, ते. चाय सोडली का डोकं दुखते, ते बी त्याच्याच पायी. एका बाटलीत कडक चायच्या कपाएवढं असन, जास्तच."

हिरालाल सावकाश पोत्यावर बसला. "अन हे पांढरं? ते बी निंबाचंच हाये."

"त्याच्यात नाई."

"काळ्यात?"

"काळ्यात हाये. पण ह्या हिरव्यापेक्षा कमी."

हिरालालनं फ्रिजकडे पाहिलं. आयुष्यभर त्यानं गूळ रंगावरून पारखला होता, मिरची रंगावरून पारखली होती. त्याच नजरेनं त्यानं काळ्याला चोर ठरवलं होतं आणि खऱ्या चोराला रोज दोन वेळा घरात घेतलं होतं.

"म्हणजे मी चाय सोडलीच नाई," तो म्हणाला. "थंडी करून पेऊन राह्यलो होतो."

मयुरीला वाईट वाटलं. वाईट वाटलेल्या शिकलेल्या माणसानं आणखी माहिती काढायची असते. तिनं वर्ध्याच्या सायबर कॅफेत शोध घेतला आणि पुढच्या रविवारी येऊन सांगितलं, की हे पेय अमेरिकेतल्या दोघा भावांनी व्हिस्कीत मिसळायला काढलं होतं. आणि त्याचं नाव म्हणजे तिकडच्या डोंगरी लोकांच्या बोलीत हातभट्टीच्या दारूचं लाडाचं नाव.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. तरीही हिरालालच्या दुकानातून संध्याकाळी जी हिरवी जायची, ती कशात मिसळायची हे नेणाऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ही माहिती कॉम्प्युटरवर शोधावी लागली अशी सेलूत एकटी मयुरीच होती.

हिरालालला हसू आलं नाही. "म्हणजे दारूच्या जोडीदारात चाय पेलो मी, अन देवाले सांगतलं निंबाचं पाणी हाये."

"अबे, तू चाय म्हणला होता," डोमाजीनं वकिली केली. "कॅफिनचं नाव घेतलं होतं का? मी होतो ना तठी."

"मोठे बाबा, देवाले कॅफिन कुठं माईत असन?" मयुरी म्हणाली.

"त्याले माईत नसन तर मंग कोणाले असन?"

हिरालाल बसनं एकटाच केळझरला गेला, नाक घासून आला आणि नवस पहिल्यापासून सुरू केला. खलबत्ता परत आला. या वेळी त्यानं बामही लावला नाही.

त्याच आठवड्यात सुमित्राबाईच्या पायाला पुन्हा सूज आली. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच असतो, चढतो, उतरतो. मयुरीनंही तेच सांगितलं. डोमाजीनं मात्र, न सांगता राहवलं नाही म्हणून, सांगितलं, "तू हिरवी पेत होता तवरक बाई बरी होती गा. पुन्हा चालू करून पाय."

"दंड उशिरा आला, एवढंच," हिरालाल म्हणाला.

केळझरची खुर्ची डोमाजीच्या घरी कोंबड्यांच्या कामी आली. दिवाळी जवळ आली होती. सुमित्राबाई आता ओट्यावर खाटेवरच असायची, उशांना टेकून. आडवं झालं की दम लागायचा. मयुरी कॉलेज बुडवून राहायला आली होती. एका सकाळी हिरालाल किल्ल्या घेऊन निघाला, तर सुमित्राबाई म्हणाली, "आज दुकान उशिरा उघडा."

"काऊन?"

"पोरीले चाय कराले लावली. एकच कप सांगतला. कप तुमी घ्या, बशी मले द्या."

हिरालाल उभाच राहिला. "नवस हाये ना."

"कोणासाठी हाये?"

"तुह्यासाठी."

"मंग मीच म्हणून राह्यली ना."

"एकदा फसलो व सुमित्रा. आता घोटभर बी नाई. तू बरी हो, केळझरच्या पायथ्याशी हॉटेलात बसून पिऊ. दोन कप."

"दोन कप कायले?" ती म्हणाली. थोडा वेळ श्वास घेत राहिली. "सकाळचे तुमी राहत नाई."

"दुकान असते."

"दुकान पह्यले बी होतं."

मयुरीनं कप आणून ठेवला. हिरालालनं खाली बसून नेहमीसारखा अर्धा चहा बशीत ओतला, एक थेंब न सांडता, आणि बशी तिच्या हातात दिली. कप तसाच राहिला. सुमित्राबाईनं बशी दोन्ही हातांनी धरली आणि कपाकडे पाहत बसली. कपातल्या चहावर साय धरली. बशीतला तर केव्हाच गार झाला होता. शेवटी तिनं बशी मयुरीकडे दिली.

"गोड झाली व," ती म्हणाली. प्यायलेली नव्हती.

हिरालाल दुकानात गेला. चार दिवसांनी दुपारी तो साखर तोलत असताना मयुरी बोलवायला आली. त्यानं तागडीतली साखर पुन्हा पोत्यात ओतली, गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून सांगितलं आणि घरी गेला. सुमित्राबाई उशांना टेकूनच होती.

तेरवीला आलेल्यांना चहा झाला. पुष्कळ झाला. हिरालाल पाणी प्यायला. महिन्याभरानं डोमाजी त्याला बळंच केळझरला घेऊन गेला. पुजारी भला माणूस. म्हणाला, "नारळ फोडा, नवस सुटला. देव काही अडवून धरत नाही."

"मी बोललो तसं झालं नाई," हिरालाल म्हणाला. "ती आली नाई."

"ती आता कशी येईन गा?" डोमाजी म्हणाला.

"माईत हाये मले."

मुदतीचं डोमाजीच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि पायऱ्या उतरायला लागला.

दुकान चालू आहे. फ्रिजही आहे, हिरवीही जाते, मुख्यतः अंधार पडल्यावर. फक्त हिरालाल आता दुकान उशिरा उघडतो. सकाळी बराच वेळ मागच्या ओट्यावर बसलेला असतो, काही न पिता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मयुरी आली तेव्हा त्याच्या कपाळाला रुमाल दिसला.

"मोठे बाबा, अजून दुखते डोकं?"

"सकाळचं दुखते. ओट्यावर बसलो का."

"चायचं दुखणं आठ-दहा दिवसात जाते, मोठे बाबा. लय झाले तर पंधरा. तुमी तर दिवाळीच्या पह्यलेपासून काहीच पेलं नाई."

"नाई."

"मंग ते कॅफिनचं नसन."

"नसन," हिरालाल म्हणाला.

मयुरीनं घरात जाऊन आपलं औषधांचं पुस्तक उघडलं. पुस्तक इंग्रजी होतं, जाड होतं, आणि परीक्षेत त्यानं तिला कधी दगा दिला नव्हता. कॅफिनच्या डोकेदुखीचं पान तिनं दोनदा वाचलं. पंधरा दिवसांच्या पुढचं त्यात काही नव्हतं.