सगळी खोली एका फोटोत

"वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी आहे ना," भावजी म्हणाले आणि कॅमेऱ्याच्या दुकानातल्या काउंटरवर असे रेलले, की दुकानदारानेच त्यांना उधळपट्टी करणारं गिऱ्हाईक समजून खुर्ची पुढे सरकवली.

तेवढ्याचंच तिला टेन्शन होतं.

धाकट्या दिरांना घरात सगळे फोटोग्राफर म्हणत, कारण त्यांच्याकडे मोठा कॅमेरा होता. एरवी त्या म्हणण्याला काही आधार नव्हता. चार माणसं जमली की भावजी तो गळ्यात अडकवून फिरत, आणि नंतर लोक एकमेकांच्या फोनमधले फोटो मागून घेत.

तिला हवा होता एकच फोटो. तिची खोली एवढीशी. दाराला पाठ लावून उभं राहिलं की डावीकडे तिच्या आईची खाट, समोर ओटा, उजवीकडे लेकीचा, चिमीचा, पाळणा. खाट फोटोत आली की पाळणा बाहेर, पाळणा आला की आई बाहेर. फोनचीही तीच रड. आणि रविवारी तिचा दादा गाडी घेऊन येणार होता, आईला कायमचं आपल्याकडे न्यायला. त्याच्याकडे जागा होती. आईला खाटेवरून उठवत नव्हतं. तिला न हलवता, चिमीसकट, सगळी खोली एकदा एका फोटोत यायला हवी होती.

"फिशआय लेन्स," भावजींनी घरी निकाल देऊन टाकला होता. "माशाचा डोळा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं."

"म्हणजे मीच गळाला लागले म्हणायची," आई खाटेवरून म्हणाली होती.

दुकानदाराने दोन लेन्स काढून ठेवल्या, एक आठ एमएमची, एक पंधराची. कॅमेरा तिचा, तिच्याच खांद्यावर होता, पण बोलत होता तो भावजींशी. "मॅडमचा क्रॉप सेन्सर आहे का? लहानवाला?"

"सध्या," भावजी म्हणाले. औषधपाणी केलं की बरा होईल असा सूर होता.

"मग ही आठ एमएमची बघा. लहान सेन्सरसाठीच बनवलेली आहे."

"ती खेळण्यातली हो. वहिनी, पंधराचीच घ्या. उद्या माझ्यासारखा मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम घ्याल, तेव्हा या आठचं काय लोणचं घालायचंय?"

"पण माझ्या कॅमेऱ्यावर ती..."

"बसते हो. बिनधास्त बसते."

बसण्याबद्दल तिने विचारलंच नव्हतं. चिमीला पाजता पाजता तिने सगळं वाचून काढलं होतं. मोठ्या सेन्सरची लेन्स लहान सेन्सरवर लावली की चित्राच्या कडा कापल्या जातात, मधला भाग तेवढा उरतो. ते ती बोलणार, इतक्यात कडेवरच्या चिमीने काउंटरवरचं लेन्सचं झाकण उचलून तोंडात घातलं. तिने बोट घालून ते ओढून काढलं. चिमीने भोकाड पसरलं. झाकणाचा टवका तर उडाला नाही ना, घशात तर गेला नाही ना, हे ती बघते आहे तोवर भावजींनी पंधराची लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवून फोटो काढलाही होता.

"बघा. काही सुटलंय?"

दोन्ही भिंती, वाकलेल्या ट्यूबलाइटी, मधोमध चिमीचा जबडा उघडून बघणारी ती. काही सुटलं नव्हतं. तिने मान हलवली. एवढी शिकलेली बाई, आणि मान हलवून पंधराची घेऊन आली.

शनिवारी दाराला पाठ लावून तिने कॅमेरा डोळ्याला लावला. ओटा किंचित वाकला होता, तेवढीच काय ती माशाची करामत. पाळणा अर्धा, आणि आईचे नुसते पाय.

"आले का गं मी?" आईने विचारलं. तिने केस नीट विंचरून घेतले होते.

"येतेस. थांब जरा."

तिने भावजींना फोन लावला. ते कॅमेरा घेऊन परगावी एका लग्नाला गेले होते, सोमवारी परतणार होते.

"थोडं मागे सरका ना, वहिनी."

"मागे दार आहे, भावजी."

"मग उघडा की."

"बाहेर जिना आहे. पडू का त्याच्यावरून?"

"तुम्ही पण ना. अहो, क्रॉपवर थोडं कापलं जाणारच. मी तेव्हाच म्हणणार होतो."

तिने फोन ठेवला. या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात मावत होतं, कडा न कापता.

दुकान बंद झालं होतं, आता सोमवारशिवाय उघडणार नव्हतं. रविवारी दादाने आणि ड्रायव्हरने आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. "सांभाळा रे, मी काय कपाट नाही," एवढं आई म्हणाली.

सोमवारी चिमीला घेऊन ती एकटीच दुकानात गेली.

"साहेब नाही आले?" दुकानदाराने विचारलं.

"त्यांचं काय काम? आठची काढा. आणि माझ्या कॅमेऱ्यावर लावा."

घरी येऊन तिने दाराला पाठ लावली. सगळं आलं. ओटा आला, पाळण्याची दांडी धरून उठू बघणारी चिमी आली, आणि डावीकडे, अगदी कडेला, खाट. उशाशी गादीची वळकटी.

संध्याकाळी भावजी आले. विचारलं नाही, कॅमेरा उचलला. "बघा. मी म्हटलं नव्हतं, फिशआयच हवी म्हणून?" मग डोळे बारीक करून म्हणाले, "फक्त हे डावीकडचं कापून टाका. मोकळी खाट बरी नाही दिसत."

"राहू दे," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या घड्याळात अडकला होता. तो सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर ती हात तसाच धरून उभी राहिली.