बावन्न किलो

लोटू पाटलाच्या घरात सकाळी देवाला हात जोडायच्या आधी वजनकाट्यावर उभं राहायचं. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या दोन खोल्यांत फ्रिज नंतर आला, काटा आधी. बाराव्या वर्षी लोटूला पुण्याच्या तबेल्यात नेलं ते उंची नव्हती म्हणून, आणि पुढे बावीस वर्षं तो जॉकी राहिला तो भूक मारून. अठ्ठावन्न शर्यती जिंकला, पण छाती ठोकून सांगायचा ते दुसरंच. "एकदाही ठरल्यापेक्षा शंभर ग्रॅम जादा भरलो नाही!" मग पडला, खुबा मोडला, आणि सुरतेला परत येऊन बारडोली रोडवर बन्सीलालशेठच्या घोड्यांचा ट्रेनर झाला.

आता घोडीवर बसणार होती त्याची पोरगी, योगिता. वीस वर्षांची. हात असा हलका की शेठची लाल घोडी लोटूचं ऐकायची नाही, तिचं ऐकायची. पुण्याच्या रविवारच्या शर्यतीत त्या घोडीच्या पाठीवर जॉकी आणि खोगीर मिळून पन्नास किलो वजन ठरवून दिलं होतं. योगिता खोगीर घेऊन भरली बावन्न. तिची ही पहिली मोठी शर्यत, आणि शेठनं सांगूनच टाकलं होतं की पोरगी नीट बसली तर पुढे घोडीवर कायम तीच बसेल.

"चार दिवस आहेत. उतरवू," लोटू म्हणाला.

उतरवलं म्हणजे काय केलं? शेठच्या डाइंग मिलच्या बॉयलरखोलीत, अंगावर प्लास्टिकचा रेनकोट चढवून, रोज दोन तास दोरीवरच्या उड्या. जेवण नाही. पाणी चहाच्या कपानं, शुक्रवारपासून तेही बंद. पोरीच्या ओठांना चिरा पडल्या. मंगलाबाईनं, तिच्या आईनं, चोरून ताक दिलं, तर लोटूनं पेला हिसकावून मोरीत ओतला.

"पोरले मारी टाकशात का?" मंगलाबाई किंचाळली.

"मी मेलो का?"

आणि खरी चीड येते ती पुढेच. जॉकी किलो-दोन किलो जादा भरला तर चालतं, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आधी जाहीर करायचं, मालकानं हो म्हणायचं, झालं! पण शेठला तसं विचारायचं म्हणजे लोटूचं नाक कापलं जाणार. त्याच्या घरची पोर, आणि जादा? छे!

रविवारी काटा बरोबर पन्नासवर थांबला. लोटूला आभाळ ठेंगणं झालं. मग घोडीवर चढवायला त्यानं योगिताची पोटरी हातात घेतली, तर ती लटलट कापत होती.

"चढवा ना, पप्पा," ती पुटपुटली. "बसले की ठीक होईन."

लोटूनं हात काढून घेतला. ही वरून पडली तर ट्रेनर म्हणून आपल्याला कोण विचारणार, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानंच हाक मारली, "डॉक्टरसाहेब, हिला जरा बघा." डॉक्टरनं तिची पापणी ओढून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली.

कुंदन नावाचा एक जॉकी मोकळा होता, त्याला बोलावलं. तो खोगिरासकट भरला बावन्न.

"शेठ, दोन किलो जादा होतंय. चालेल?" काट्याजवळच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"अरे, बे किलो मां शुं?" शेठ हसला. "चालेल की!"

योगिता तिथेच बाकावर बसून ऐकत होती. तिनं बापाकडे पाहिलं. बाप घोडीकडे बघत राहिला.

घोडी सहज पहिली आली. दुसऱ्या दिवशी शेठनं ठरवून टाकलं, आता तिच्यावर कायम कुंदनच बसणार.

सुरतेला आल्यावर योगिता चार दिवस फक्त जेवली आणि झोपली. पाचव्या दिवशी सकाळी खोगीर छातीशी धरून ती काट्यावर उभी राहिली.

"वाचा, पप्पा."

"राहू दे गं."

"वाचा!"

"बावन्न."

"घोडी कितीवर जिंकली?"

लोटूनं तिच्याकडचं खोगीर घ्यायला हात पुढे केला. एवढी लाज त्याला घोड्यावरून पडला तेव्हाही वाटली नव्हती.

"कितीवर?"

"बावन्नवर."

तिनं खोगीर त्याच्या पायाशी टाकलं आणि काट्यावरून उतरली. "मम्मी, ताक दे," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर उभी राहून अख्खा पेला प्यायली.