नादारीच्या अर्जावरचा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे आणि मला धड पाठ नाही. दचकू नका, सांगतो.

सुरतेच्या एका शिंप्यानं मला एका वकिलासाठी शिवलं. वकील वारले, घरच्यांनी मला जुन्या बाजारात विकलं, आणि १९५४ साली रतिलाल मला आगगाडीनं नंदुरबारला घेऊन आला. स्टेशनाजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता. पहिल्याच दिवशी त्यानं कात्रीनं माझी पाठ वरपासून खालपर्यंत चिरली आणि दोन्ही कडांना नाड्या लावल्या. आता मी जाड्यालाही बसायचो, बारक्यालाही. फोटोत पाठ कुठे दिसते?

फार दुखलं. पण माझा मान वाढला. तापीकाठच्या गावांतून लग्नाची मुलं यायची. चार आणे जादा दिले की मी त्यांच्या अंगावर चढायचो. फोटो पाहून मुलीकडचे म्हणायचे, घर भारदस्त दिसतं. मी फुशारून जायचो.

१९६३ च्या जूनमध्ये तुळशीबाई आली, मुलाला घेऊन. ती विधवा बाई. हिवाळाभर मिरची वाळवायच्या पथारीवर बसून देठ खुडायची. तिच्या बोटांची सालं निघालेली होती. मुलगा दोधू. मॅट्रिकला गणितात त्र्याऐंशी मार्क मिळवलेला. कॉलेजात फी माफ असलेल्या, म्हणजे नादारीच्या, थोड्या जागा होत्या. त्या अर्जावर फोटो लावायचा होता.

"माय, मन्हा सदराच बरा शे," दोधू म्हणाला.

"तू गप ऱ्हाय." तुळशीबाईनं पदराची गाठ सोडून चार आणे काढले. "भाऊ, पोऱ्याले कोट घाली द्या. त्या मोठा लोकेस्मा तो भिकारी दिसाले नको."

मला हात लावायच्या आधी तिनं तो लुगड्याला पुसला. मग स्वतः माझी कॉलर नीट केली. रतिलालनं मागून नाड्या आवळल्या. दोधू इतका बारीक होता की माझ्या दोन्ही कडा एकमेकींवर आल्या. फोटो मात्र झकास आला. दोधू कुण्या जमीनदाराचा मुलगा वाटत होता.

पंधरा दिवसांनी तो एकटाच धावत आला. घामानं निथळत होता.

"रतिलालशेठ, नादारी नामंजूर झाली."

"का रे? मार्क तर चांगले होते."

"कॉलेजच्या साहेबांनी फोटो देखा." साहेबांचं बोलणं त्यानं शाळेतल्या मराठीत जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "'असला कोट घालणाऱ्याला नादारी कशाला? गरजू मुलाचा हक्क मारायला लाज वाटत नाही?' मी तलाठ्याचा दाखला दाखवला. तर म्हणाले, 'दाखले कुणालाही मिळतात. फोटो खोटं बोलत नाही.'"

मी खुंटीला होतो. माझ्या बाह्या लोंबत होत्या.

"दुसरा फोटो काढून देतो," रतिलाल म्हणाला. "सदऱ्यातला. फुकट."

"तेही इचारं मी. ते म्हणतात, आता गरिबीचं सोंग आणशील." दोधूनं हात जोडले. "तुम्हना कोट शे, इतलंच लिखी द्या. नाहीतर कोटच द्या घडीभर. फाटेल पाठ दाखाडी येस. शनवारपावत फी नही भरी तं जागा जाई."

रतिलाल उठून दारापाशी गेला, रस्त्यावर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि परत आला.

"दोधू, अर्ध्या तालुक्याची लग्नं या कोटावर जमली आहेत. कॉलेजच्या कमिटीत बसणाऱ्या एकाच्या जावयाचा फोटोसुद्धा याच कोटातला आहे. हे उघड झालं तर मला इथे कोण उभं करेल? तुझं एक वर्ष जाईल. माझा धंदा जाईल."

दोधूनं जोडलेले हात खाली घेतले. जाताना एवढंच म्हणाला, "मन्ही मायले सांगू नका. कोट तिनी मांगा व्हता."

शनिवार गेला. जागा गेली.

पुढच्या आठवड्यात तुळशीबाई आली. दोधू तिला काहीच सांगत नव्हता, जेवतही नव्हता. फोटोत काही चुकलं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. आवाज चढवला नव्हता तिनं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि रतिलालला वाटलं, दोष आपल्यावर येतो आहे.

"फोटोत काही चुकलं नाही, बाई," तो मोठ्यानं म्हणाला. "पोरगा सदऱ्यातच काढा म्हणत होता. कोट तुम्ही मागितला. कोट पाहूनच नादारी नाकारली."

तुळशीबाईनं माझ्याकडे पाहिलं. तशी नजर माझ्यावर कधी पडली नव्हती. मी जळालो असतो तर बरं झालं असतं. ती रडली नाही. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "हाई दोधूले सांगू नका."

रतिलालनं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं.

याला सहा वर्षं झाली. दोधू मिरचीच्या बाजारात पोती उचलतो, असं गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कानावर येतं. एकाच घरात मायलेक राहतात. मुलगा आईपासून लपवतो आणि आई मुलापासून, आणि दोघं लपवतात ते एकच.

मला आता कसर लागली आहे. मला जपा, ऊन दाखवा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्यातलं कुणी तरी उद्या मोठं होईल, टेबलाशी बसून अशा अर्जांवर सह्या करील. तेव्हा फोटो बाजूला ठेवा आणि त्या मुलाला आत बोलवा. तो लांब गेलेला नसतो. बाहेरच उभा असतो.