हलता भार धरून

तू आधी गप्प बस आणि फक्त ऐक. मधे हसायचं नाही, आणि "अय्या" तर अजिबात करायचं नाही. केलंस तर मी इथेच थांबेन. नाही, थांबणार नाही, पोटात मावतच नाहीये माझ्या. पण तू करू नकोस.

तर सुरुवात माझ्यापासून आहे, हे आधीच कबूल करते. तीन महिने मनात घोळवत होते. शेवटी एक दिवस भांडी घासता घासता, त्याच्याकडे पाठ करून, नवऱ्याला म्हटलं, "मला ना, कधीतरी, हात बांधून घ्यायला आवडेल. म्हणजे तू बांधायचे. म्हणजे तुला आवडत असेल तर." मी तीच वाटी चौथ्यांदा घासतेय. आणि मग मागून आवाज आला, "कशाने?"

बघ! "का" नाही, "हे कुठून शिकलीस" नाही, तर "कशाने". तेव्हाच मला कळलं की आपण लग्न बरोबर माणसाशी केलंय.

आता तुला माहितीये, तो दातांच्या दवाखान्यामागे बसून कवळ्या बनवतो. त्याचं सगळं मापात. त्याच रात्री कागदावर नियम लिहून झाले. दोघांना हवं असेल तेव्हाच. कंटाळा आला तर तोंड पाडायचं नाही. आणि दोघांपैकी कुणीही "कवळी" म्हटलं की जिथल्या तिथे सगळं बंद, कारण विचारायचं नाही. शब्द त्यानेच निवडला. म्हणाला, हा ऐकल्यावर कुणाचंच पुढे जायचं मन होणार नाही.

बाहेरून काही मागवायची सोयच नव्हती. आमची पार्सलं खालची काकू घेते आणि कानाशी हलवून आत काय आहे ते आम्हाला सांगते. म्हटलं, घरीच करू. मी एवढ्या बॅगा शिवते दिवसभर, मला दोन पट्टे जड आहेत? कारखान्यातून उरलेली पट्टी आणली, स्पंज आणला. ह्याने काय केलं असेल? दातांचा साचा घेतात ना, तो गुलाबी लगदा, तो आणून माझ्या मनगटांचा साचा घेतला! पाच मिनिटं मी दोन्ही हात पुढे करून बसलेय, बोटांतून पुदिन्याचा वास येतोय, आणि हा म्हणतो, "चावू नकोस, म्हणजे हलू नकोस." पण पट्टे काय बसले म्हणून सांगू. मऊ लोण्यासारखे. चौकोनी टाका घालून आत फुली मारली. हत्ती बांधला तरी तुटणार नाही.

मग छताला हूक. आम्ही दोघं गेलो हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काय टांगायचंय?" ह्याने ठरल्याप्रमाणे सांगितलं, "कुंडी." त्याने बोटाएवढा हूक काढला. हा म्हणाला, "मोठा द्या." "केवढी कुंडी आहे?" आणि हा शहाणा, घामाघूम होऊन, बोलून गेला, "अठ्ठावन्न किलोची." माझं वजन! दुकानदाराने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, तेव्हा मी रंगाच्या डब्यांवरच्या सूचना वाचत होते. मन लावून.

घरी आल्यावर ह्याने छताला टकटक केली, कान लावला, दाताला ठोकून बघतात तसं. म्हणाला, "इथे भक्कम आहे." ड्रिल केलं, हूक बसवला. खाली पलंग, वर हूक, साखळी, पट्टा. मग म्हणाला, "आधी मी घालून बघतो, तुला लागायला नको." बाई, इतकं गोड वाटलं मला.

रविवार, दुपारचे तीन. हा पलंगावर उभा, उजवा हात वर, पट्टा आवळलेला. आता दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे साखळीची लांबी मी माझ्या उंचीने धरलेली, आणि तो माझ्यापेक्षा चार बोटं बुटका. म्हणजे बिचारा चवड्यांवर. दुसरी म्हणजे बकल. हाताच्या सवयीने मी आमच्या प्रवासी बॅगेचं बकल लावलं होतं. चोरालाही उघडता येऊ नये असं. ताण असला की ते सुटतच नाही, तीच तर त्याची खुबी. ताण सैल कर, दोन्ही बाजू दाब, जीभ उचल. आणि इथे ताण तर पूर्ण, कारण स्वारी चवड्यांवर लटकलेली.

"कवळी," हा म्हणाला.

"हो रे, सोडवतेय."

"कवळी!"

"अरे बकल सुटत नाहीये, जरा उडी मार."

तेवढ्यात बेल. एकदा, दोनदा. आणि मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. किल्ली फक्त एका माणसाकडे आहे. सासरे!

त्यांच्या घराला रंग लावायचा होता म्हणून ते आठ दिवस यायचे होते, पण सोमवारी. आता सासरे म्हणजे कोण, तर पस्तीस वर्षं लिफ्ट तपासायचं काम केलेला माणूस. कुणाच्याही घरी गेले की आधी लिफ्टमधली पाटी वाचतात, मग यजमानांना भेटतात. आणि मला काय वाटत होतं माहितीये? पकडले जाऊ ह्याची लाज वेगळी. पण हा माणूस चारचौघांत सांगतो, "आमच्या घरात धड काम करणारं एकच माणूस आहे, ती ही." माझ्या स्वतःच्या वडिलांनी असं कधी म्हटलं नाही गं. ते वाक्य आज माझ्या हातातून जाणार, एवढंच डोक्यात.

"कवळीऽऽ!" नवरा ओरडला.

बाबा दारात. हातात पिशवी. "कुणाची? माझी तर तोंडात आहे." आणि मग वर बघितलं. पोरगा पलंगावर, हात छताला, चेहरा टोमॅटो.

"हे काय चाललंय?"

नवरा म्हणाला, "बल्ब."

मी त्याच वेळी म्हटलं, "कुंडी."

बाबांनी वर बघितलं. बल्ब नाही, कुंडी नाही. आणि मग माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "बॅगेचा पट्टा आहे बाबा. नवीन. ताण सहन करतो का, त्याची चाचणी घेतोय."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. पलंगावर चढले, पोराला कमरेला धरून दोन इंच उचललं, दुसऱ्या हाताने बकल दाबलं, सोडवलं. चष्मा वर करून शिवण बघितली. हूक बघितला. आणि काय म्हणाले असतील? "चाचणी अशी घेतात?"

बस. माणूस पेटला. चहासुद्धा नको म्हणाले. पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन मागवले. म्हणे, एक कॅन म्हणजे वीस किलो, चढत चढत जायचं, माणसावर कधी आधी चाचणी घ्यायची नाही. पहिला कॅन टांगला, ठीक. दुसरा, ठीक. तिसरा लावला आणि कर्रर्र! हूक, साखळी, छताचा परातीएवढा तुकडा आणि साठ लिटर पाणी, सगळं आमच्या गादीवर!

मी नवऱ्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. साठ किलोला पडलं, आणि मी अठ्ठावन्न. त्याचा चेहरा पांढराफटक.

बाबांनी भोकात बोट घातलं. "हे नुसतं शोभेचं छत आहे, पीओपीचं. खरं छत ह्याच्यावर वीतभर." मग माझ्याकडे वळले. "पट्टा उत्तम आहे. शिवण एक नंबर. बकल चुकलं. ताणाखाली न सुटणारं बकल सामानाला ठीक, माणसाला नाही."

मी म्हटलं, "बाबा, बॅगेत माणूस कुठे असतो?"

"हो ना," ते म्हणाले. "बॅगेत माणूस नसतो." आणि गादी उचलायला लागले. "लिफ्टमध्ये असतो. म्हणून लाल बटण आत असतं. बाहेरच्याने थांबवून उपयोग नाही, आतल्याच्या हाताला लागलं पाहिजे. धर ते टोक."

आठ दिवस आम्ही त्या गादीवरून एक शब्द काढला नाही. रोज जेवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. काही कळलंय का? चेहरा म्हणजे बंद शटर. नवरा म्हणायचा, "त्यांना पट्टाच वाटला." मी म्हणायचे, "मग बॅगेला स्पंज कशाला, हे का नाही विचारलं?" तो म्हणायचा, "तू वाढ आमटी."

शेवटच्या दिवशी आम्ही कामावरून आलो तर बाबा गेलेले. छत बुजवलेलं, रंगवलेलं. आणि बरोब्बर त्याच जागी नवा हूक, अंगठ्याएवढा जाड. त्याला पत्र्याची छोटी पाटी, त्यांच्या त्या सरळ अक्षरात. मी पलंगावर चढून वाचली. तशीच्या तशी सांगते:

"सुरक्षित भार १२० किलो, हलता भार धरून. एका वेळी एक व्यक्ती. थांबवण्याची सोय आतल्या व्यक्तीच्या हाताशी असावी. तपासले. पुढील तपासणी एक वर्षाने." खाली सही.

हलता भार धरून! कुंडी हलते का गं? बॅग हलते?

नवरा तिथेच जमिनीवर बसला. म्हणाला, "मी आता त्यांना तोंड कसं दाखवू?" आणि मी पाटी हातात धरून उभी. मला आधी रडू आलं, मग हसू, मग दोन्ही. कारण ज्याचं माझ्याबद्दल मत वाईट झालं असतं, तो माणूस छताला आरपार भोक पाडून वरच्या सिमेंटपर्यंत गेला असता का? एकट्याने, ह्या वयात, शिडीवर?

बकल मी दुसऱ्याच दिवशी बदललं. एक दोरी ओढली की सुटतं, बोटाने.

आणि काल फोन आला. नवऱ्याने स्क्रीन बघितली आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. मी उचलला. तब्येत, रंग, पाणी, सगळं झालं. मग बाबा हळूच म्हणाले, "ते वरचं ठीक चाललंय ना?"

मी म्हणू शकले असते, हो बाबा, कुंडी छान आहे. जिभेवर होतं. पण मी म्हटलं, "हो बाबा. बटण हाताशी आहे."

पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला. "मग झालं. पुढच्या वर्षी येतो तपासायला. आणि त्या गाढवाला सांग, घरात धड काम करणारं एकच माणूस आहे." आणि ठेवला.

बाथरूममधून नवरा ओरडतोय, "कुंडी म्हणालीस ना? कुंडीच म्हणालीस ना?"

आता तूच सांग, तू असतीस तर काय म्हणाली असतीस?